करवंदाच्या काट्याची सुई

बापूदादा गेल्याचं पत्र मुंबईहून जव्हारला आलं, तेव्हा मी शाळेत शिकवून नुकतीच घरी परतले होते. अशा वेळी आधी रडू येतं म्हणतात. मला आधी भीती वाटली... माझ्या थोरल्या भावाचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, माझ्या ट्रंकेतल्या एका तबकडीवर. तो तिथे आहे ना, हे पाहायला मी धावले आणि घाईघाईत हाताला लागली ती पोलादी सुई ग्रामोफोनला लावली. नेमकं तेच करू नकोस म्हणून दादानं शंभरदा बजावलं होतं. त्याचं पहिलंच वाक्य किंचाळलं. मी सुई उचलली, पण ते वाक्य कायमचं खरवडून गेलं होतं.

दादा रेकॉर्डी काढणाऱ्या एका कंपनीत होता. नाटकांचे संवाद भरताना नटांचे 'स' आणि 'श' कानात टाचणीसारखे टोचत, आणि ते मऊ करणं हेच त्याचं वेड. एकदा त्यानं मलाच मायक्रोफोनपुढे बसवलं. "तुझा पुढचा दात अर्धा तुटलाय, सुशे. तुझा 'स' म्हणजे चहाची किटली! तो वठणीवर आला, तर कुणाचाही येईल." जाड पडद्यांच्या त्या खोलीत स्वतःचा श्वासही ऐकू येई, माझी तर बोबडीच वळली. दादानं मायक्रोफोन जरा तिरका केला, 'स'ची फुंकर फुटावी म्हणून माझ्या ओठांसमोर एक पेन्सिल उभी धरली आणि म्हणाला, "त्याच्याकडे बघूच नको. माझ्याशी बोल." त्या दोन-तीन मिनिटांच्या बोलण्याची ही मऊ लेपावर कोरलेली, एकुलती एक तबकडी.

पोलादी सुईनं तिच्यावरचा 'स' पुन्हा टोचे आणि लेपही खरवडून जाई. म्हणून उन्हाळ्यात घरी आला, की दादा खोडाळ्याच्या बाजारात करवंदवालीकडे काटे मागे. "काटं कशाला होवं रं दादा? करवंदां घे ना!" ती हसायची. काटा वाळवून, काचकागदावर घासून तो सुईच्या जागी बसवायचा. मग माझी किटलीसुद्धा शहाण्यासारखी बोले. "झिजायचं ते काट्यानं," तो म्हणे, "आवाजानं नाही."

पत्रानंतर महिनाभर मी ग्रामोफोनला शिवले नाही. उरलेलंही माझ्याच हातून गेलं तर? वर्गात मुली धडा वाचत, तरी माझे कान तो किंचाळणारा आवाजच ऐकत.

गेल्या रविवारी अखेर त्याची डबी उघडली. त्यानं घासलेला एकच काटा शिल्लक होता. तो बसवला, खरवडलेला भाग सोडून टेकवला आणि डोळे घट्ट मिटले.

"घाबरलीस का, सुशे?" दादानं विचारलं. अगदी मऊ.

"छे! मी कशाला घाबरू?" तबकडीवरची मी तोऱ्यात म्हणाले.

"हो रे दादा," रिकाम्या खोलीत मी म्हणाले. "फार."

तबकडी संपली. काटा काढून पाहिला, टोक बोथट झालं होतं. मी डोळे पुसले आणि काचकागद शोधायला उठले.