बिनमेकपचा राक्षस

गेल्या गणपतीत आमच्या ईट गावच्या मंडळाला जिवंत देखावा करायचा होता, तोही परदेशी राक्षसाचा. एक शास्त्रज्ञ मेलेल्या माणसांचे तुकडे जोडून त्यात जीव घालतो, ती गोष्ट. मंडळाची पोरं माझ्या थोरल्या भावाकडं आली. दादा तेरखेड्याकडं एका फटाक्याच्या शेडात कामाला होता. तिथं स्फोट झाला, त्यात त्याचं अर्धं तोंड आणि मान भाजली. पोरं म्हणाली, "दादा, तुम्ही नुसतं उभं राहायचं आन् गुरगुरायचं. तुम्हाला मेकपबी लागायचा न्हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांच्या हातातले चहाचे कप मी काढून घेतले आणि दार दाखवलं.

मी परंड्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते. ही गोष्ट ज्या इंग्रजी कादंबरीतली, ती मी किती वेळा वाचली असंल, देव जाणे. दोनशे वर्षांपूर्वी विशीही न गाठलेल्या एका पोरीनं ती लिहायला घेतली. तिचा राक्षस गुरगुरत नाही हो. तो चांगला शहाण्यासारखा बोलतो, पुस्तकं वाचतो, भिंतीच्या फटीतून शेजारचं घर बघून माया काय असते ते शिकतो. गुरगुरणं सिनेमावाल्यांनी त्याच्या गळ्यात बांधलं आणि जगानं तेवढंच उचललं. मुखवटे निघाले, कार्टून निघाली, आता आमचं ईट. ज्यानं त्याला बनवलं तो पहिल्याच रात्री हात झटकून पळाला, हे मात्र कुणाच्या ध्यानात नाही. त्या माणसाचा मला इतका राग येतो की शिकवताना हातातला खडू मोडतो.

हे सगळं मी दादाला तावातावानं सांगितलं, त्यानं नाही म्हणावं म्हणून. तो भाकरी खात ऐकत होता.

"मंजी बनवणारा पळाला आन् नाव ह्याचं खराब झालं?"

"व्हय."

"मग करतो की मी हे काम."

मी त्याच्यावरही बरसले. लोक हसतील, व्हिडिओ काढतील, अक्कल गहाण टाकलीस का तू. तो म्हणाला, "अगं, लोक तसंबी बघत्यातच की. त्यांना बघायचंय, मला बोलायचंय." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

देखाव्याला पुढच्या खुर्चीत शेडाचे मालक, गळ्यात हार घालून. मंडळाला फटाके तेच देतात, म्हणून प्रमुख पाहुणे. स्फोटानंतर ह्या माणसानं दवाखान्यात एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. मी दातओठ खात मागं उभी राहिले.

पडदा उघडला. हिरवा लाईट, धूर, शिट्ट्या. शास्त्रज्ञ झालेला पोरगा किंचाळत विंगेत पळाला. आता दादानं गुरगुरायचं होतं. त्यानं निवेदकाकडं जाऊन माईक मागून घेतला.

"मालक," तो आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "मी दवाखान्यात पडलो होतो तवा दार वाजलं की वाटायचं, तुम्हीच आलात. का न्हाय आलात?"

शिट्ट्या थांबल्या. मालकांनी मागं वळून बघितलं, दुसऱ्याच कुणाला विचारल्यासारखं. मग हार काढून खुर्चीवर ठेवला आणि गाडीकडं चालू पडले. कुणीतरी घाईघाईनं गाणं लावलं. दादा माईक धरून तसाच उभा होता. गाडी चालू झाल्याचा आवाज आला, तेव्हा त्यानं तो खाली घेतला.