दिलीपच्या टीव्हीखालचं मशीन

दिलीप गेला हे मला दिलीपच्याच नंबरवरून कळलं. दुकानात फोन वाजला, त्याचं नाव दिसलं आणि मी सवयीनं ओरडलो, "काय रे, आता काय बिघडवलंस?" पलीकडं सुनंदावहिनींचा आवाज, "भावजी, हे गेले हो." ड्यूटीवर छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. वहिनी अजून तोच फोन वापरतात. स्क्रीनवर अजून 'दिलीप'च येतं, पण ते नाव बदलायला काही बोट वळत नाही.

दिलीप साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. नेवाशाच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो, पुढं मी इथंच कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. पन्नाशीला टेकलेला बाप्या, मूलबाळ नाही, आणि हौस कसली तर गेम खेळायची! माझ्याकडून सुटे भाग नेऊन त्यानं टीव्हीखाली मावेल असं छोटं मशीन जोडलं आणि खेळायचे दोन वायरलेस रिमोट घेतले, स्वतःला काळा, वहिनींना लाल. मग त्यात सिस्टीम कोणती टाकायची यावरून आमची महिनाभर जुंपली. मी म्हणायचो विंडोज, सगळं जग तेच वापरतं. हा लिनक्सवर अडून बसलेला. "आरं पक्या, सोफ्यावर कुनी माऊस घिऊन बसतं का? रिमोट दाबला की खेळ सुरू झाला पायजे." मी बजावलं, काही गेम त्यावर चालणारच नाहीत, मग येशील रडत. "न्हाई येत जा!" शेवटी एका रविवारी दोन डिस्कवर दोन्ही सिस्टीम टाकल्या आणि भाकरी थापणाऱ्या वहिनींना हाक मारली. माझ्या विंडोजवर पासवर्डची चौकट आली, वहिनी आमच्या तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या. त्याच्या लिनक्सवर पिठाच्या बोटानं लाल रिमोटचं बटण दाबलं आणि थेट खेळ उघडला. "मी घरी नसलो तरी हिला जमलं पायजे," दिलीप म्हणाला, "झाला फैसला." मी माझी डिस्क काढून पिशवीत टाकली.

त्या खेळात दोघं मिळून खानावळ चालवायचे. वहिनी हुकूम सोडणार, हा पळत पळत कांदा चिरणार. खऱ्या स्वयंपाकघरात या गृहस्थानं कधी चहा टाकला नसेल! कारखान्यातून आला, हातपाय धुतले, दिवेलागण झाली की खानावळ उघडलीच म्हणून समजा. मी गेलो तर मला "गिऱ्हाईक आलं" म्हणायचा.

दहाव्याला प्रवरेच्या घाटावर कावळा शिवेना. उन्हं चढली. दिलीपचा धाकटा भाऊ म्हणाला, वहिनीला अंतर देणार नाही. मामा म्हणाले, वर्षश्राद्ध नीट करू. कावळे झाडावर बसून नुसते बघतायत. मी मुळात तापट, त्यात पोटात अन्न नाही. हात जोडले आणि ओठातल्या ओठात पुटपुटलो, "बरं बाबा, तुझ्या मशीनला विंडोज लावणार नाही, मग तर झालं?" ...तोंड मिटायच्या आत कावळा खाली आला. आजूबाजूचे भावाच्या पाठीवर थाप मारत होते, त्याचा शब्द पोचला म्हणून. मी गुमान पायात चपला घातल्या. कुणाला सांगणार, आणि काय?

मग पंधरा-वीस दिवसांनी त्या नंबरवरून फोन आला. "भावजी, ते मशीन आपोआप चालू हुतंय. हे यायच्या टायमाला." मी हसण्यावारी नेलं. वायर आणि सर्किटातच माझा जन्म गेला, भुताखेतांना भ्यालो असतो तर दुकानाला कुलूप लागलं असतं. जाऊन सगळं तपासलं, वायरी बदलल्या, आपोआप चालू व्हायच्या होत्या नव्हत्या त्या सेटिंग बंद केल्या. तरी तेच. मग एकदा संध्याकाळी मुद्दाम जाऊन बसलो. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून पुढं येईनात. बाहेर अंधारलं आणि टीव्हीशेजारच्या काळ्या रिमोटचा दिवा लागला. मग मशीनचा पंखा घुरघुरला. मग टीव्ही उजळला, त्यावर खानावळ, आणि तिच्या दारात त्याचा स्वयंपाकी... वाट बघत उभा. मी उठून वहिनींजवळ दारात जाऊन उभा राहिलो, खोटं कशाला बोलू?

"पिनच काढून ठेवा की," मी म्हणालो. "हात धजत न्हाई," वहिनी म्हणाल्या. "पन असं भिऊन तरी किती दिस काढू? हॉलमधी बसनं सोडलंय मी. त्यांचं हाय ते समदं पुसा आन तुमचं ते विंडोज टाका." तेव्हा मला घाटावरचं सांगावंच लागलं. त्या म्हणाल्या, "मेलेल्याला शब्द दिलात, माझ्याकडं कोन बघायचं?" मी डिस्क कोरी केली आणि विंडोज टाकलं. मला दिलीपचाच राग येत होता, असा अर्ध्यातून उठून गेल्याचा.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी मुद्दाम गेलो. कितीतरी दिवसांनी वहिनी सोफ्यावर बसल्या होत्या. अंधार पडला. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. टीव्ही काळाच. मी सुटकेचा श्वास सोडून वळलो, तर वहिनींच्या डोळ्यांतून धार लागलेली. "आज आले न्हाईत, भावजी."

त्या रडण्यापुढं मला बसवेना. दुकानातून पेनड्राईव्ह आणला आणि पुन्हा दिलीपचं लिनक्स आणि तो खेळ टाकायला बसलो. जुनं काही परत येणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. कोरी सिस्टीम कुणालाच ओळखत नाही, रिमोटसुद्धा एकेक करून नव्यानं जोडून द्यावा लागतो. सिस्टीमनं खेळणाऱ्याचं नाव विचारलं तेव्हा मी वहिनींकडं बघितलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले. "माझं टाका," म्हणाल्या, "सुनंदा." मी त्यांचा लाल रिमोट जोडून दिला. काळ्याला हातही लावला नाही, माझ्यानं लाववलाच नाही. वहिनींनी बटण दाबलं, खानावळ उघडली, पडद्यावर त्यांची स्वयंपाकीण एकटीच दारात उभी राहिली.

आणि काळ्या रिमोटचा दिवा लागला. आधी लुकलुकला, मग स्थिर झाला. पडद्यावर दुसरा स्वयंपाकी येऊन उभा राहिला. मी वहिनींकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. त्या लाल रिमोट घेऊन सोफ्यावर जरा सरकून बसल्या.