पेशकारांच्या बागेतला बल्ब

तुळजापुरात राहून ज्यानं उभ्या जन्मात एकाही यात्रेकरूला पाणी विचारलं नाही, असा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका आमच्या शेजारी राहत होता. नारायणराव पेशकार. निजामाच्या अमलात तहसील कचेरीत साहेबासमोर मिसली, म्हणजे खटल्यांची कागदपत्रं, वाचून दाखवायच्या, हे त्यांचं काम. निजाम गेला, पुढं महाराष्ट्र झाला, नारायणराव पेन्शनीत निघाले; पण पेशकारी काही अंगातून निघाली नाही. चहात साखर कमी पडली तरी "याची तजवीज झाली पाहिजे" असं म्हणायचे, आणि पुन्हा पेला तोंडाला लावायचे.

त्यांचा सगळा राग यात्रेकरूंवर. आमच्याकडं देवीला आलेला माणूस आपापल्या पुजाऱ्याच्या घरी उतरतो. ओसरीवर बोचकी, अंगणात तीन दगडांच्या चुली, आडावर आंघोळी, आणि पोरं कुठंही बसलेली. नारायणरावांना हे बघवत नसे. गंमत अशी, की त्यांची सासुरवाडीच पुजाऱ्यांची. वनमालावहिनी असल्याच गर्दीत लहानाच्या मोठ्या झालेल्या, आणि त्यांचा धाकटा भाऊ मार्तंड देवळात पाळीनं पूजेला बसायचा. नारायणराव मेव्हण्याला तोंडावर सांगत, "घंटा हलवून पोट भरण्यापेक्षा मी गाढवं हाकली असती."

मार्तंड पान चघळत म्हणायचा, "हाकली असती हो दाजी, पण गाढवांनी तुमचं ऐकायला पाहिजे ना."

पेन्शन झाल्यावर नारायणरावांनी गाव सोडून नळदुर्ग रस्त्याला, आमच्या घराशेजारी, घर बांधलं. पुढं बाग केली. मोगरा, जाई, कण्हेर, चाफा, आणि हैदराबादेहून ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर बसवून आणलेला एक पिवळा गुलाब. त्या गुलाबाला त्यांनी जेवढं जपलं तेवढं स्वतःच्या पोरांना जपलं नाही, असं पोरंच सांगायची. फूल तोडायची कुणाला परवानगी नव्हती. घरच्या देवांनासुद्धा खाली गळून पडलेलंच फूल मिळे. तुळजापुरात पहाटे दुसऱ्याच्या कुंपणावरून देवासाठी फुलं तोडणं हा कुणी गुन्हा मानत नाही; नारायणराव मानत. पाणी मात्र आडातून वहिनी शेंदायच्या. नारायणराव खुर्चीतून कोणत्या आळ्यात किती, ते सांगायचे.

आता अडचण काय झाली, तर आमच्याकडच्या उन्हात दिवसा बागेत बसणार कोण? दिवस मावळल्यावर खुर्ची बाहेर यायची, आणि बूड टेकतंय तोवर अंधार. एकदा चहा घेताना मला म्हणाले, "बाग माझी, पण मला तिचा नुसता वास येतो." त्यांची इच्छा फार मोठी नव्हती. दिवेलागणीनंतर खुर्चीत बसावं, आपली फुलं आपल्या डोळ्यांनी बघावीत, आणि कुंपणाच्या आत दुसऱ्या कुणाचं पाऊल पडू नये. बस्स.

तेवढ्यात गावात वीज आली. खांब त्यांच्या दारापर्यंत आला, आणि बागेतल्या दिव्याचा मुकदमा सुरू झाला.

पहिला साक्षीदार बलभीम वायरमन. गावात वायरमन नवीन, त्यामुळं त्याचा रुबाब डॉक्टरच्या वर. तो म्हणाला, "पेशकारसाहेब, कुंपणावर तांबडे-हिरवे बल्ब सोडू माळंनं. मुंजीचा मांडव वाटंल बघा."

"माझी मुंज झालेली आहे," नारायणराव म्हणाले.

मग उंच खांबावर मोठा बल्ब लावून पाहिला. त्याचा उजेड थेट खुर्चीतल्या माणसाच्या डोळ्यांत. बाग राहिली बाजूला, नारायणरावच साऱ्या रस्त्याला दिसायला लागले, बनियनसकट. खांब निघाला. भूमकडचे त्यांचे स्नेही हिंमतराव ट्यूबलाइटचे गोडवे गात. त्यांनी नव्या बंगल्याला लावली होती. एक आणून बघितली. त्या निळसर उजेडात पिवळा गुलाब असा दिसायला लागला, जणू दवाखान्यात भरती केलाय आणि नातेवाइकांना बोलावणं गेलंय. तीही निघाली.

मग नारायणरावांनी खरी चौकशी लावली. रोज संध्याकाळी स्वतः खुर्चीत, आणि वहिनींच्या हातात कंदील. "मोगऱ्याच्या मागं जा. जरा खाली. अजून खाली. आता डावीकडं सरक. तू मध्ये येतेस, मोगरा दिसत नाही." वहिनी बिचाऱ्या वाकून वाकून झुडपांतून फिरायच्या. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटायचं, पेशकारांच्या घरी रोज इंचू निघतो. एकानं तर मंत्र घालणाऱ्या माणसाचा पत्ता आणून दिला.

पण निकाल चांगला लागला, हे कबूल केलं पाहिजे. दिवा उंच नको, जमिनीजवळ हवा. डोळ्यांवर नको, झाडावर हवा. म्हणून कुंपणाजवळच्या कडुनिंबाच्या बुडाशी गवंड्याकडून काळ्या दगडाचा हातभर उंचीचा कोनाडा बांधून घेतला. पाऊस लागू नये म्हणून वर छोटंसं शिखरासारखं छत. बल्ब आत, बाहेरून दिसायचा नाही, नुसता उजेड पडायचा. आश्विनात पांढऱ्या बल्बवर पाखरं येतात आणि तिथून चहात पडतात, म्हणून बल्ब लाल. कोनाड्यापुढं वायरचा जोड जमिनीतून वर आला होता. त्यावर कुणाचा पाय पडू नये म्हणून नळदुर्गच्या नदीतला एक गुळगुळीत, उभट गोटा आणून ठेवला. आणि अंधारात ठेच लागू नये म्हणून त्याला गेरू फासला.

एकेक गोष्ट बघितली तर प्रत्येकीत अक्कल होती. सगळ्या मिळून काय झालं, ते खुर्चीतून दिसत नव्हतं. खुर्ची कोनाड्याच्या मागं. रस्त्यावरून दिसत होतं. पण रस्त्यावरून बघायला नारायणराव कशाला जातील?

दिवा लागला आणि आठच दिवसांनी कोजागिरीची पुनव आली. पुनवेला देवीकडं पायी येणारी माणसं तुम्हाला माहीतच आहेत. जळकोट, नळदुर्ग, पार कर्नाटकातून रस्ता माणसांनी भरून वाहतो. पुनवेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी नारायणरावांकडं चहाला होतो. दिवा नुकताच लावलेला. मोगरा उजळलेला, पिवळा गुलाब लाल उजेडात केशरी झालेला. नारायणराव इतके खूश होते की मला दुसरा चहा विचारला.

एवढ्यात फाटक वाजलं. जळकोटची एक म्हातारी, गळ्यात कवड्यांची माळ, मागं पंधरा-वीस माणसं. म्हातारीनं कोनाडा बघितला, कडुनिंब बघितला, लाल उजेडातला तो तांबडा गोटा बघितला, आणि चपला फाटकाबाहेर काढून सरळ लोटांगण घातलं.

"मथुराबाई, ह्यो ठाव ठावं नव्हता की गं," मागची एक म्हणाली.

"आईचं काय सांगावं? जिथं मनात येतंय तिथं ऱ्हातीया," मथुराबाई म्हणाली आणि गोट्याला हळद-कुंकू लावलं. नारळ फुटला. मग तिनं इकडं तिकडं बघितलं, आणि ज्याच्याकडं बघायचीही आम्हाला भीती वाटायची तो पिवळा गुलाब खुडून गोट्यावर वाहिला.

नारायणरावांच्या हातातला पेला तिरका झाला, चहा धोतरावर सांडला, ते त्यांना कळलंही नाही. "अहो बाई, हे देऊळ नाही. ही माझी बाग आहे."

मथुराबाईनं हात जोडले. "व्हय म्हाराज, तुमचीच. पुजारी तुमीच न्हवं?"

उभ्या आयुष्यात त्यांना एवढी मोठी शिवी कुणी दिली नव्हती. ते ताडकन उठले, ओसरीवर गेले आणि खटका बंद केला. दिवा गेला की माणसं जातील, असा हिशेब. तहसिलीत चालला असता, तुळजापुरात चालतो होय? अंधार पडताच बाया चरकल्या. "आई कोपली. कुणाच्या हातनं इटाळ झाला असंल." सगळे जमिनीवर बसले, कापूर निघाला, संबळ निघाली, गोंधळाची तयारी सुरू झाली. घाबरून नारायणरावांनी खटका परत चालू केला. लाल उजेड पडल्याबरोबर "आई राजा उदो उदो" असा गजर झाला की रस्त्यावरची पुढची दिंडीसुद्धा वळून आत आली.

त्या संध्याकाळी मोगरा गेला, जाई गेली, कण्हेरीचा खराटा झाला. माणसं गेल्यावर नारायणराव गुलाबाच्या उघड्या देठाजवळ उकिडवे बसून राहिले. मला टिंगल करायची होती, पण जीभ आवरली.

सकाळी मार्तंड हजर. अशा बातम्या पुजारी गल्लीत चालत जात नाहीत, उडत जातात. त्यानं कोनाड्याला प्रदक्षिणा घातली, छताला टिचकी मारून बघितली. "दाजी, ठाणं जागृत दिसतंय. आता पूजेला माणूस पाहिजे. मी बसतो. माझ्या पाळीचे यात्रेकरूही इथंच उतरवतो, जागा प्रशस्त आहे. चुली त्या गुलाबाच्या जागी मांडू, आता त्याला फूल कुठं उरलंय."

"गोटा उचलून फेकून देतो," नारायणराव म्हणाले.

"फेका की. आज पुनव. पन्नास गावची माणसं येतायत. देवी कुणी फेकली ते त्यांना मी नाही सांगणार, तुम्हीच सांगा." पानाची पिचकारी कुंपणाबाहेर टाकून मार्तंड गेला. जाताना म्हणाला, "संध्याकाळी येतो. सोवळं घेऊन."

वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. मी रस्त्याच्या बाजूनं कंदील धरून उभी असायचे ना."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? खाली धर, डावीकडं सरक, एवढंच बोलत होता."

 नारायणराव अगदी हळू आवाजात, कचेरीत कधी कुणाला विचारलं नसेल अशा सुरात म्हणाले, "आता काय करावं?"

वहिनी पुजाऱ्याच्या पोटच्या. माहेरी काय शिकल्या ते त्या दिवशी दिसलं. "हे बघा," त्या म्हणाल्या, "प्रत्येक ठाण्याची रीत वेगळी असते. कुठं भाकरी चालते, कुठं लिंबू. ह्या ठाण्याची रीत अजून कुणी ठरवलेली नाही. जो आधी पूजेला बसेल, तो ठरवेल. मार्तंड बसला तर चुली मांडेल. तुम्ही बसलात तर..." त्यांनी आडाकडं बघितलं. "ह्या देवीला तोडलेलं फूल चालत नाही. नवस बोलायचा तर आडाचं घागरभर पाणी शेंदायचं आणि आईच्या एका झाडाला घालायचं."

"मी? पूजेला?"

"साध्या धोतरात सांगितलं तर कुणी ऐकणार नाही. काल बघितलंत ना."

पेटीतून वहिनींनी आपल्या वडलांचं सोवळं, लाल रेशमी कद, काढलं. नारायणरावांनी ते हातात घेऊन इतका वेळ बघितलं, की मला वाटलं आता याचीही तजवीज होणार. शेवटी ते म्हणाले, "गुलाबाला परत कळी येईल का?"

"पाणी मिळालं तर येईल," वहिनी म्हणाल्या.

संध्याकाळी मार्तंड सोवळं काखेत मारून आला, तेव्हा कडुनिंबाखाली लाल उजेडात दाजी बसलेले होते. उघडे, कद नेसलेले, कपाळावर मळवट, आणि पुढं माणसांची रांग फाटकाबाहेर. मार्तंडनं पान थुंकायचं सोडून गिळलं.

"फुलाला हात लावायचा नाही," नारायणराव कचेरीच्या आवाजात सांगत होते. "आईची आज्ञा आहे. घागर तिकडं आहे. पाणी मोगऱ्याच्या आळ्यात. पानांवर नाही, बुडाशी. तुम्ही, पिवळ्या पटकेवाले, तुमचा नवस काय?"

"पोराला नोकरी लागावी, म्हाराज."

"मग चार घागरी. गुलाबाला."

आमच्या दुष्काळी मुलखात अशी भिजलेली बाग मी पुन्हा पाहिली नाही. पुनवेला पायी येणारी माणसं पुढं दरवर्षी नारायणरावांच्या फाटकात वळायची, आणि दिवाळीच्या सुमारास गुलाब फुलायचा. मार्तंड आजही सांगतो की ठाणं त्यानंच ओळखलं. त्याला बोलू द्यावं.

बागेकडं खुर्चीतून बघायचं नारायणरावांचं तेवढं राहून गेलं. पुनवेच्या गर्दीत ते कोनाड्यापाशी बसलेले असत, बागेकडं पाठ करून. खुर्चीत वनमालावहिनी असायच्या. हातात घागर नाही, कंदील नाही; मांडीवर चहाचा पेला. मध्येच त्यांचा आवाज यायचा, "अहो, जरा डावीकडं सरका. मोगरा दिसत नाही."

आणि पेशकार मळवट सांभाळत सरकायचे.