तीन फुल्यांची गाडी

फोड्या मिस्त्री आधी मारायचा आणि मग बोलायचा. समोर गाडी असो की माणूस, हा क्रम कधी बदलला नाही. समुद्रपूरला बसस्टँडच्या मागे, बाभळींच्या आडोशाला त्याचं टिनाचं शेड होतं. गाडी आवारात शिरली की तो मालकाच्या रामरामालाही उत्तर द्यायचा नाही. मोठी हातोडी उचलायचा, गाडीखाली उताणा शिरायचा आणि पुढून मागे ठोकत जायचा. जिथं आवाज बसका येई तिथं पुन्हा मारायचा, दातओठ खाऊन, एखाद्या वैऱ्याला मारावं तसा. गंजाचे पापुद्रे त्याच्या तोंडावर आणि डोळ्यांत पडायचे. बाहेर यायचा तेव्हा तो केसांपासून मिशांपर्यंत तांबडा झालेला असायचा. मग थुंकून म्हणायचा, "मार खाल्ल्याशिवाय गाडी खरं बोलत नाई."

त्याचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. आम्ही त्याला फोड्याच म्हणायचो, त्याच्या तोंडावरसुद्धा.

हातोडी जिथं आत घुसे तिथं तो खडूनं फुली मारायचा. एक फुली, दोन फुल्या असल्या तर पट्टी लावून जोडून द्यायचा. तिसरी फुली पडली की दुरुस्ती नाही. त्याच दिवशी, मालकाच्या डोळ्यांदेखत, गॅस पेटवून चेसिसचे दोन तुकडे करायचा. मालक शिव्या देत, पाया पडत, एकदा तर एकजण काठ्या घेतलेली चार माणसं आणून उभा राहिला. मिस्त्रीनं कापणं थांबवलं नाही. तीन फुल्यांची गाडी त्याच्या आवारातून चाकांवर कधी बाहेर गेली नाही. म्हणून आमच्या भागात लोक गाडीत पाय ठेवण्याआधी एवढंच विचारायचे, "फोड्याच्या आवारातून आली काय?" आली असेल तर पोराबाळांसकट बसायचे.

एका कंत्राटदाराची जीप मला आठवते. नवा हिरवा रंग, आरशासारखी चकाकी. मिस्त्रीनं पहिलाच घाव घातला आणि हातोडी जीपच्या तळातून वर निघाली. रंगाखाली पत्रा उरलाच नव्हता, नुसती लांबी, भोकं बुजवायची पुट्टी, भरलेली होती. कंत्राटदारानं धावून त्याची गचांडी धरली आणि एक ठेवून दिली. मिस्त्रीच्या ओठातून रक्त आलं. त्यानं ते पुसलंही नाही. कंत्राटदाराची मान बगलेत धरली, त्याला ओढत जीपपाशी नेलं, दारातून आत वाकवलं आणि त्याचं तोंड त्या भोकावर दाबलं.

"दिसली काय जमीन? दिसली काय बे? तुई पोरं इथूनच पडतीन! चाकाखाली पाहायला जाशीन काय मग?"

आम्ही चौघांनी मिळून सोडवलं. कंत्राटदाराच्या गालावर पत्र्याची धार लागून चीर पडली होती. मिस्त्रीनं स्वतःच हळद आणली, त्याच्या गालावर चेपली आणि चहा मागवला. तो माणूस चहा प्यायला. पुढच्या महिन्यात दुसरी जीप घेतली ती आधी इथंच दाखवायला आणली.

आमच्या ट्रकचा ड्रायव्हर गुलाब मिस्त्रीच्या माराचा सगळ्यात मोठा धनी. एकदा ब्रेकचा दांडा तुटला तर गुलाबनं तो बैलबंडीच्या तारेनं बांधला आणि भरलेला ट्रक हिंगणघाटहून हाकत आणला. मिस्त्रीला ती तार दिसली. त्यानं भिंतीवर टांगलेला फॅनबेल्ट ओढून काढला आणि गुलाबला आवारभर पळवून मारलं. पाठीवर वळ उठले. गुलाब बाभळीवर चढला, तर खालून दगड मारले. संध्याकाळी त्याच पाठीला तेल लावून त्याला भाकर आणि मिरचीचा ठेचा खाऊ घातला. गुलाब हसत सांगत फिरायचा, "मायनं जन्मात मारलं नाई एवढं या बुढ्यानं एका दिवसात मारलं!" त्यानंतर मिस्त्रीनं पाहिली का हे विचारल्याशिवाय त्यानं कुठल्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नाही.

मिस्त्री फक्त एका माणसाचा मार मुकाट खायचा, त्याच्या बायकोचा. काकू अंगानं किडकिडीत, आवाजानं खणखणीत. डोळ्यात गंज जाऊन त्याचा डोळा सुजला आणि तरी तो गाडीखाली शिरला, तेव्हा तिनं त्याचे दोन्ही पाय धरून बाहेर खेचलं आणि हातातल्या पायताणानं तीनचार हाणल्या. "आंधळा झालास तं हात धरून कोण फिरवन तुले? तुयी गाडी?" आम्ही सगळे बघत होतो. मिस्त्री उठला आणि दवाखान्यात गेला.

आमचा ट्रक माझ्या वडिलांनी लिलावात घेतला होता. वडील गेले तेव्हा मी तिशीला टेकलो होतो आणि शेतीपेक्षा तो ट्रकच मला त्यांचा वाटायचा. स्टिअरिंगवर त्यांच्या हाताच्या जागा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. शेवटची काही वर्षं त्यांनी खताच्या पोत्यांची वाहतूक केली होती. खत सांडायचं, पावसात विरघळून चेसिसच्या बेचक्यांत उतरायचं आणि आतून लोखंड खायचं. वरून काही दिसत नव्हतं. मागचा मालाचा डाला करकरायचा, वळणावर मागचा भाग वेगळाच चालतोय असं वाटायचं, एवढंच.

आणीबाणी उठली त्या वर्षी, दसऱ्याच्या तोंडावर मी ट्रक मिस्त्रीकडे नेला. अष्टमीची दुपार होती. कापूस फुटायला लागला होता आणि पंधरा दिवसांत तो वाहायला गाडी लागणार होती. मिस्त्री खाली शिरला. मी बाहेर उभा राहून घाव मोजत होतो. एका ठिकाणी त्यानं इतके घाव घातले की मी ओरडलो, "बस करा, मिस्त्री!" तो बाहेर आला. फुल्या तीन होत्या. तिसरी मागच्या कमानपाट्याच्या वर, जिथं सगळा भार येतो तिथं.

"कापतो," तो म्हणाला.

"पट्ट्या लावा. दोन लावा, चार लावा."

"पट्टी कायले लावू? वाफेले? आत काई राह्यलं नाई, बाबू."

मी त्याच्या हातातली हातोडी हिसकायला गेलो. माझं डोकं फिरलं होतं. त्यानं एका हातानं मला असं ढकललं की मी ऑइलच्या चिखलात पाठीवर पडलो. मी उठून त्याच्या पोटात डोकं घातलं. दोघेही गाडीच्या चाकावर आदळलो. माझ्या भुवईपाशी फुटलं, त्याची बनियन फाटली. काकूनं मधे बादलीभर पाणी फेकलं तेव्हा आम्ही वेगळे झालो. मिस्त्री धापा टाकत म्हणाला, "तुया बापाची गाडी हाय म्हणून बापाकडे जायचं हाय काय तुले?"

कापायला मात्र त्या दिवशी उशीर झाला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मिस्त्री हातोडी, पाने, गॅसची नळी, सगळं धुऊन पाटावर मांडायचा, कुंकू लावायचा आणि दसरा उलटेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. हा त्याचा नेम होता. "दसरा झाला का, तेरवा सकाळी कापतो," तो म्हणाला.

दसऱ्याच्या सकाळी मी त्याच्याकडे गेलो. भुवईवर चिकटपट्टी होती. मी म्हणालो, "मिस्त्री, एवढी शेवटची पूजा घरी करू द्या. दरवर्षी बाबा दारात करायचे. आई वाट पाहत आहे."

त्यानं पाटावरच्या हातोडीकडे पाहिलं. मग त्याचे डोळे भरले. त्याला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. "घेऊन जा," तो म्हणाला. "नारळ फोड, हार घाल. तुया बाप चांगला माणूस होता. पण रिकामी नेजो, अन् उद्या सकाळी आणजो. आणशीन ना?"

"आणतो," मी म्हणालो.

तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. आता सांगत नाही. फाटकातून बाहेर पडतानाच मी हिंगणघाटच्या वेल्डरचा विचार करत होतो. पूजा झाली, आईनं गाडीला ओवाळलं, आणि त्याच दुपारी मी ट्रक तिकडे नेला. त्यानं चार पट्ट्या चिकटवल्या, लांबी भरली आणि वरून काळा रंग मारला. खडूच्या तिन्ही फुल्यांवर मी स्वतःच्या हातानं कुंचला फिरवला. मिस्त्रीनं दोनदा निरोप पाठवले. तिसऱ्यांदा तो स्वतः आला. मी माडीवर बसून राहिलो आणि आईकरवी घरी नाही म्हणून सांगितलं. खालून त्याचा आवाज ऐकू येत होता. "बाई, त्याले सांगा, भरू नको. पाया पडतो म्हणा. भरू नको."

सासुरवाडीहून परतलेल्या गुलाबनं गाडी हातात घेण्याआधी नेहमीप्रमाणे विचारलं, "मिस्त्रीनं पाह्यली ना, मालक?"

मी म्हणालो, "त्याच्याच आवारातून आणली." यातला प्रत्येक शब्द खरा होता.

सातव्या की आठव्या खेपेला, नाल्याच्या उतारावर, कापसानं भरलेला ट्रक मधून मोडला. मागचा भाग पुढच्यावर चढला आणि गाडी पुलाखाली गेली. कापसावर बसलेले दोन हमाल दूर फेकले गेले. एकाचा पाय गेला, एक वाचला. गुलाब स्टिअरिंग आणि पत्रा यांच्यामध्ये होता. निरोप मिळताच मी धावलो; त्याला काढायला पहारी लागल्या. पांढरा कापूस नालाभर पसरला होता आणि जिथं गुलाब होता तिथला लाल होत चालला होता. तो बराच वेळ जिवंत होता. माझ्याकडे बघत होता.

गुलाबला पोचवून लोक स्मशानातून परत निघाले ते घरी गेले नाहीत. कोणीतरी ओरडलं, "फोड्याच्या आवारातली गाडी होती!" आणि सगळा जमाव बसस्टँडकडे वळला. मी त्यात होतो. चाळीस-पन्नास माणसं होती. कोणाच्या हातात तुराटी, कोणाच्या दगड. मिस्त्री शेडच्या दारात उभा होता, हातात हातोडी घेऊन. त्याच्याशी कोणी एकेकट्यानं भिडलं नसतं.

गुलाबच्या भावानं विचारलं, "गाडी तुया आवारातून गेली काय? बोल!"

मिस्त्रीनं जमावात माझं तोंड शोधलं. ते त्याला सापडलं. त्यानं माझ्याकडे जेवढा वेळ पाहिलं तेवढ्यात एक वाक्य सहज बोलता आलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडात होतं. मी ते गिळलं.

"हो," तो म्हणाला. "मीच सोडली." आणि हातोडी खाली ठेवली.

मग लोकांनी त्याला मारलं. तोंडावर, पोटात, खाली पडल्यावर पाठीत. कोणीतरी त्याचीच पहार उचलून उजव्या कोपरावर घातली, तो आवाज मी ऐकला. शेडचे पत्रे उचकटले, पत्र्यांखाली टायर पेटवले. काकू त्याच्या अंगावर आडवी पडली तेव्हा तिलाही लाथा बसल्या. ती ओरडत होती, "याले विचारा! त्या मालकाले विचारा!" पण धुरात आणि गोंगाटात कोणी ऐकलं नाही, आणि मी तर मागे मागे सरकत बाभळीपाशी गेलो होतो. मी त्याच्यावर हात उचलला नाही, असं मला म्हणता येईल. तेही खरं आहे, त्या आवाराच्या वाक्यासारखंच.

हात जुळला तसा तो काकूच्या माहेरी निघून गेला. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. गावाचं नाव मी लिहीत नाही. चार वर्षांनी तिथल्या बाजारात मी त्याला शोधून काढलं. काकू वाळल्या मिरच्या विकत होती आणि तो डाव्या हातानं तागडी धरून तोलत होता. उजवा हात कोपरात वाकून पोटाशी राहिला होता.

"मिस्त्री," मी म्हणालो, "त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

"मले कायले सांगतो? मले माहीत हाय ना ते. मी तिथंच होतो." त्यानं तागडी खाली ठेवली. "ज्याईले माहीत नाई त्याईले जाऊन सांग."

काकू माझ्याकडे न बघता म्हणाली, "जा बाप्पा आता. तुमचं तोंड पाह्यलं का याईचा हात दुखते."

मी गुलाबच्या घरी गेलो. एकदा नाही, दरवर्षी गेलो. धान्य दिलं, पोराची पुस्तकं घेऊन दिली, घराच्या छपरावर कवेलू टाकून दिले. सांगायचं तेवढं राहून गेलं. गुलाबची बायको शेजारणींना सांगायची, "आमचे मालक देवमाणूस हायेत." ते ऐकून मी दरवर्षी चहा पिऊन परत यायचो.

गुलाब गेला तेव्हा त्याचा मुलगा दहा वर्षांचा होता. यंदा तो मास्तर झाला. पेढे घेऊन माझ्याकडे आला, पाया पडला. जायला उठला आणि दारात थांबला. त्याच्या मानेवरची शीर गुलाबच्या शिरेसारखीच तटतटली होती.

"काका, एक विचारू काय? त्या मिस्त्रीचा पत्ता तुमाले माहीत आहे काय? ज्यानं माह्या बापाले तशी गाडी देली. मले त्याले एकदा भेटायचं आहे. लोकाईनं एकच हात तोडला म्हणते. दुसरा मी तोडतो."

मी नाही म्हणालो. मला ठाऊक नाही म्हणालो. तो गेल्यावर लिहायला बसलो.

हे छापून आलं की पहिला अंक मी त्याच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवणार आहे. त्यानं ते पूर्ण वाचावं, घाई करू नये, अशी विनंती आहे. मिस्त्री कुठं राहतो ते मी त्याला अजूनही सांगणार नाही. मी कुठं राहतो ते त्याला माहीत आहे.