तांब्यावरची तारीख

कामशेतच्या माझ्या भांड्यांच्या दुकानात कुणी साधी वाटी घेतली तरी विचारतं, "नाव घालून मिळंल का?" नावं घालतात हौशीरामभाऊ. दुकानाच्या पायरीवर पोतं अंथरून, हातात छोटं मशीन धरून तीस वर्षं बसलेत. नाव झालं की खाली एक वेल काढतात. ती कुणी मागितलेली नसते.

स्टीलवर अक्षर चुकलं तर खोडता येत नाही. भाऊ मग त्या अक्षराचीच पानं करतात आणि वेल वरून नेतात. गिऱ्हाईक खूश होऊन जातं.

गेल्या वर्षी वेल बंद झाली. भाऊंचं एकुलतं एक लेकरू सत्यम, लोणावळ्यात हॉटेलात कामाला. त्यानं घरी सांगितलं, मी लहानपणापासून मनानं मुलगीच आहे, आता तशीच राहणार, मला अपेक्षा म्हणा. भाऊ भांडले नाहीत, फक्त तिच्याशी बोलायचे थांबले. त्यानंतर त्यांचा हात कापायला लागला. डॉक्टरांना त्यात काही सापडेना.

एकदा तर कुणाच्या लग्नाच्या हंड्यावर नवरदेवाच्या नावाच्या जागी त्यांनी 'सत्यम' घातलं. मी तोंडाला येईल ते बोलले. भाऊंनी नुसती मान खाली घातली, तेव्हा माझीच मला लाज वाटली.

अपेक्षा लोणावळ्यातच, तुंगार्लीत एका समुपदेशक ताईंकडे जायची. वडलांनी एकदा यावं म्हणून तिनं दोनदा निरोप धाडला होता.

"त्या ताई कलाकारांनाही बघतात म्हणे," मी म्हटलं.

"मी कुटला कलाकार, अनिताताई? मी नावं घालतो."

"मग वेल काय मी काढते?"

दुसऱ्या दिवशी शटर ओढलं आणि त्यांना घेऊनच गेले. अपेक्षा आधीच येऊन बसली होती. ताईंनी उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, "हात नेमका कधी कापतो?"

भाऊ म्हणाले, "नाव घालताना. वाटतं, लेकराला मायेनं घातल्यालं नावच ऱ्हायलं न्हाई, तर ही कशाला घालायची?" आणि ते रडले. अपेक्षानं उठून पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो घेतला.

पुढे चार-पाच वेळा ते एकटेच गेले. मला पत्ताही लागू दिला नाही.

मग एका सकाळी अपेक्षाला बरोबर घेऊन पायरीवर आले. पिशवीतून बारशाचा तांब्या काढला. त्यावर 'चि. सत्यम' आणि खाली जन्मतारीख.

"हे ठिवू का झाकू? तू म्हणशील तसं."

अपेक्षानं अक्षरांवरून बोट फिरवलं. "झाका, आबा. पण वेलीनं."

मशीन घरघरलं. हात कापत होता, एक पान वाकडंच आलं, ते त्यांनी तसंच राहू दिलं. सत्यम हळूहळू पानांत गेला. शेजारी त्यांनी 'चि. अपेक्षा' घातलं आणि मशीन बंद केलं.

माझं तोंड कुठलं गप्प बसतंय. "भाऊ, खालची तारीख झाकायची राहिली की."

त्यांनी तांब्या फडक्यानं पुसला आणि अपेक्षाच्या हातात दिला.

"ती कशाला झाकू? त्या दिशी माझं लेकरू आलतं."