पाठवाली मावशी

आमच्या घमापूर मोहल्ल्यात तिला सगळे पाठवाली मावशी म्हणत. बाईला कळा सुरू झाल्या की ही तिच्या मागं बसे, पाठीला पाठ लावून, मूल होईपर्यंत. नाळ कापणं दाईचं काम. "माझं काम पाठीचं," म्हणे. "मागं कोणी आहे हे बाईला समजलं पाहिजे. नवऱ्याची पाठ तर पळतानाच दिसते."

हे ती माझ्याकडं पाहूनच बोले.

आमची मंगला घरीच झाली. मावशीनं मला पाणी तापवायला बसवलं. मी तीन गंज भरून पाणी तापवलं, मग दारातून विचारलं, कुठं टाकू? म्हणे, "तू आंघोळ कर. खोलीत नको होता म्हणून सांगतलं." कळांमधीही सुमन, माझी बायको, हासली. आणि मी स्वतःला मोठा कामाचा माणूस समजून राहिलो होतो.

दुसऱ्या खेपेला सुमनला दवाखान्यात नेलं. ऑटोतही मावशीनं पाठ सोडली नाही. दारावरची बाई घरच्या एकीलाच आत सोडे. तिनं विचारलं, "अम्मा घर की हैं?"

सासू आहे म्हटलं असतं तर झालं असतं. पण मावशीच्या तोंडात तंबाखू, लुगडं मळकं, अन् बाजूला आमच्या फॅक्टरीचे दोन बाबू उभे. मी दात काढून बोललो, "अरे नहीं, मोहल्ले की है."

बाबू हासले. मावशी बाहेरच भिंतीला पाठ लावून बसली. आतून सुमन तिला हाका मारत होती. दुपारभर मारल्या. मग बंद झाल्या. बाळही गेलं.

मी रडत विचारलं, मावशी, तू आत असती तर वाचली असती का?

"नाही. रक्त थांबवणं मला येत नाही," ती म्हणे. "पण एकटी नसती मेली."

पुढं मंगलाच्या दोन्ही बाळंतपणात पाठ तिनंच दिली. मला मात्र पाणीही तापवायला सांगतलं नाही.

मागच्या साली तीच दवाखान्यात पडली. तिचं कोणी नव्हतं. तिची पाठ शेकायला मी घरून गरम पाणी घेऊन गेलो. नर्सनं विचारलं, "आप कौन हैं इनके?"

"बेटा हूँ," मी बोललो. जन्मात पहिल्यांदा बरोबर उत्तर सुचलं.

मावशीनं डोळे उघडले. मला नीट पाहून घेतलं.

"नहीं," ती नर्सला म्हणे. "मोहल्ले का है."

नर्सनं मला बाहेर काढलं. मी भिंतीला पाठ लावून बसलो, मांडीवर पाण्याचा डबा. पाणी थंड झालं तरी बसून होतो. आतून हाक आली नाही.