उभा फोटो

केडगावच्या त्या ताईंचं आधी सांगतो. त्यांचं नाव मी विचारलं नाही, त्यांनीही माझं विचारलं नाही. पाच मिनिटांत त्या 'भाऊ'वरून 'पोरा'वर आल्या, मग नाव कशाला लागतं? फराहबागेत त्यांनी माझ्यासाठी जे केलं, ते घरी पोहोचेपर्यंत त्या विसरल्याही असतील. मी विसरलेलो नाही.

मी भंडाऱ्याकडचा. नववीत शाळा सुटली, आणि आता नगरच्या एमआयडीसीत हेल्पर आहे. खोलीत आम्ही दोघं आणि गादी एक. मी दिवसपाळीला, रूममेट रातपाळीला, त्यामुळे गादी कधी गार होत नाही. पंचाईत होते ती रविवारी. तो झोपलेला असतो आणि मला दिवस बाहेर काढावा लागतो. म्हणून मी बागा फिरतो. कुठल्या बागेतलं कुठलं बाकडं दुपारी सावलीत येतं, हे मला पाठ झालंय. बोलायला मात्र कुणी नसतं. सुरुवातीला एका दुकानात 'मले' म्हणालो तर तिघं हसले. तेव्हापासून मी कमीच बोलतो.

एका शनिवारी आईचा फोन आला.

"बाबू, तुया फोटो पायजे. उद्या सांजच्याले पोरीवाले येऊन राह्यले."

"पाठवला होता ना, आई."

"त्यात नुसतं मुंडकं हाये. उभा पायजे. पायापासून."

"काहून?"

आईनं आवाज बारीक केला. मग म्हणाली, "मशिनीत तुया पाय गेला म्हणतेत लोकं."

आमच्या तालुक्यातला एक पोरगा इथून पाय दुखावून गावी गेला होता. गावात पोहोचेपर्यंत तो पाय माझा झाला.

"मग स्टुडिओत काढतो उद्या."

"नाई, नाई. मध्यस्थ म्हणते, स्टुडिओत कॅम्पुटरवर पायही जोडून देतेत."

आमच्या गावात व्हिडिओ कॉल लागत नाही, नुसते चेहऱ्याचे चौकोन होतात. कंपनीत मोबाईल गेटवरच ठेवून घेतात. राहिला रूममेट. रात्रभर उभा राहून आलेल्या माणसाला फोटोसाठी उठवायचा मला धीर झाला नाही. संध्याकाळच्या आत फोटो गेला नाही, तर गावासाठी मी कायमचा लंगडा होणार होतो.

सकाळी सावेडीतल्या बागेत गेलो. घसरगुंडीपाशी माणसांची गर्दी होती, सगळे एकमेकांचे फोटो काढत होते. मी दोनदा एकेकाजवळ गेलो आणि दोन्ही वेळा किती वाजले ते विचारून परत आलो. मोबाईल माझ्या हातातच होता. तिथून चालत सिद्धीबाग. तिथं जोडपी बसली होती. एकटा माणूस मोबाईल हातात धरून उभा राहिला की ती उठून दुसरीकडे जातात. तिसऱ्या एका बागेत वॉचमन आला. "फॅमिलीवाल्यांची बाग हाय ही. तुमची फॅमिली कुठंय?" मी म्हणालो, भंडाऱ्याला. त्याला ती थट्टा वाटली. मी निघालो.

किल्ल्याच्या खंदकाच्या कडेनं चालत सोलापूर रस्त्याला लागलो आणि दुपार कलताना फराहबागेत पोहोचलो. बाग म्हणतात, पण झाडं कमी, पडका महालच जास्त. कधीकाळी चारी बाजूंनी पाणी होतं म्हणे. आता गवत आणि बाभळी. आत गेल्यावर आपल्याच पावलांचा आवाज वरच्या घुमटातून परत येतो. कुणीतरी सोबत आल्यासारखं वाटलं आणि मी मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं, कबुतरं होती.

मोबाईल एका विटेला टेकवला, टायमर लावला आणि पळत कमानीत जाऊन उभा राहिलो. मोबाईल घसरला. फोटोत नुसते पाय आले. म्हणजे आईकडे डोकं एका फोटोत आणि पाय दुसऱ्यात. मला हसू आलं, पण हसून दाखवायलाही कुणी नव्हतं.

"ओ भाऊ, आमचा एक फोटो काढता का?"

हिरव्या साडीतल्या ताई होत्या, बरोबर नवरा आणि दहावी-अकरावीतली मुलगी. मी त्यांचे चांगले सात-आठ फोटो काढले. मोबाईल परत घेताना त्यांची नजर विटेकडे गेली.

"आन् ह्यो कुनाचा मोबाईल?"

का कुणास ठाऊक, मी सगळं सांगून टाकलं. मशीन, पाय, पोरीवाले. दोनदा 'काहून' आलं, कुणी हसलं नाही.

"माझा गॉगल लाव," दादा म्हणाले, "हिरो दिसशील."

"डोळं कशाला झाकायचं?" ताई म्हणाल्या. "पोरीला बघू द्या की डोळं."

"तू बघितलं हुतंस का माझं?"

"बघितलं असतं तर आज हितं असते व्हय मी?"

मुलगी हसून खाली बसली. ताईंनी माझी कॉलर नीट केली, फोटो काढला आणि लगेच मान हलवली. "न्हाई. फोटोत लाकडाचा पाय बी उभा ऱ्हातोय म्हनतील. चालून दाखव. व्हिडिओ काढू."

"चालून?"

"मला बघायला आल्ते तवा ह्यांच्या मामानं दारापासनं चुलीपातुर चालवलं हुतं मला. लई लाज वाटली हुती. आज पोरगा चालंल. चप्पल काढ, बोटं दिसू दे."

दादा कबुतरांकडे बघायला लागले.

सकाळपासून मी अख्खं नगर चाललो होतो. पण त्या कमानीतून ताईंपर्यंत येताना कुठल्या पायाबरोबर कुठला हात हलतो तेच विसरलो.

"ताठ चाल की, पोरा! चोरी केलीस का कुनाची? परत!"

दुसऱ्यांदा बरं चाललो. व्हिडिओ पाठवला, स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहिलं. तोवर त्यांनी चादर अंथरली आणि मला भाकरी, शेंगदाण्याची चटणी दिली. आमच्याकडे भातच जास्त, आणि चिन्नोर तांदूळ शिजला की गल्लीभर वास जातो, हे मी सांगितलं. ताई म्हणाल्या, "आन की मग एकदा केडगावला." व्हिडिओ गेल्याची खूण उमटली, तेव्हा ती तिघं एका गाडीवर बसून निघाली होती.

अंधार पडता पडता आईचा फोन आला. "आले होते. म्हणे पोरगा चांगला हाये, पण लय दूर राह्यते. नाई म्हणाले."

मी रस्त्याच्या कडेला थांबलो.

"जाऊ दे. बाबू, म्या लय बार पाह्यलं तुले व्हिडिओत. दहाई बोटं हायेत ना?"

"हायेत, आई."

"लोकायचं नुसतं नाव घेतलं म्या. मलेच झोप नव्हती लागत."

ताई, केडगावातलं तुमचं घर मला माहीत नाही. पण मी शोधणार आहे. पुढच्या वेळी गावाहून येताना चिन्नोरचं गाठोडं घेऊन येईन, तुमच्याच चुलीवर मी स्वतः भात शिजवीन आणि चौघांची पानं वाढीन. तुम्ही उठायचं नाही.